बेगमी आणि झुंबड

गोमंतकात मिरगाचा पाऊस दाराशी येऊन उभा राहण्यापूर्वी घरोघर ‘पुरुमेंत’ भरण्याची रीत आहे. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. व्यवहार मात्र त्या भाषेच्या आगमनापूर्वीचाच असला पाहिजे. सुके बांगडे, सुंगटां, मीठ, मिरची, सोलां, चिंच, कुळीथ, उकडे तांदूळ अशा जिनसा पावसाळ्याच्या चार महिन्यांना पुरतील एवढ्या घेऊन ठेवावयाच्या, आणि मग बाहेर आभाळ फाटले तरी चूल निर्धास्त. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्तानिमित्त भरणारी फेरी तर ‘पुरुमेंताचें फेस्त’ या नावानेच लोकांच्या तोंडी आहे. कोकणात याच सुमारास आगोटीची तयारी चालते. घाटावर आणि माळव्या-गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांतूनही उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरला जातो, डाळींना एरंडेलाचा हात फिरतो, पिंपांची झाकणे घट्ट बसविली जातात.

या रीतीकडे क्षणभर अर्थशास्त्राच्या कोरड्या दृष्टीने पाहावे. एका प्रदेशातील बहुतेक सर्व कुटुंबे एकाच महिन्यात आपल्या नित्याच्या गरजेच्या कित्येक पट माल उचलतात. साठेबाजीची व्याख्या याहून वेगळी काय करावयाची? तथापि या खरेदीने बाजार कोसळत नाही, रांगेत मारामाऱ्या होत नाहीत, कोणी कोणाकडे संशयाने पाहत नाही. उलट तिला उत्सवाचे रूप येते.

आता २४ मार्च २०२० ची संध्याकाळ आठवावी. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, गोमंतकाच्या बोलीत संवसार पाडवो. रात्री आठ वाजता पंतप्रधानांचे भाषण सुरू झाले आणि मध्यरात्रीपासून २१ दिवस सारा देश बंद राहील असे त्यांनी जाहीर केले. भाषण संपते न संपते तोच गावोगावच्या वाण्यांच्या दुकानांपुढे झुंबड उडाली. ज्या रोगाच्या भयाने माणसांनी एकमेकांपासून दूर राहावयाचे, त्याच रोगाच्या भयाने ती एकमेकांना खेटून उभी राहिली. दुकानांभोवती गर्दी करून तुम्ही रोगच पसरवीत आहात, घाबरून खरेदी करू नका, असे पंतप्रधानांना त्याच रात्री पुन्हा सांगावे लागले. या झुंबडीत उभी असलेली माणसे कोण होती? पुरुमेंत भरणारी आणि वर्षाचा गहू साठविणारी, तीच. मग एका प्रसंगी जी कृती शहाणपणाची ठरते तीच दुसऱ्या प्रसंगी वेडाचार का होते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आणि ‘माणूस लोभी आहे’, ‘समाज मेंढरांसारखा आहे’ असल्या उत्तरांनी तो सुटतो असे मला वाटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, दुकाने रिकामी कोणी केली? अशा वेळी आपल्या डोळ्यांपुढे गाडी भरभरून माल नेणारा एक अधाशी गृहस्थ उभा राहतो. वृत्तपत्रांनाही त्याचेच छायाचित्र हवे असते. परंतु ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये फळ्या ओस पडल्या तेव्हा कांतार या बाजार-संशोधन संस्थेने प्रत्यक्ष खरेदीचे आकडे तपासले. शेवयांच्या जातीचा सुका पास्ता विकत घेणाऱ्यांपैकी अवाच्या सवा माल नेणारे केवळ ३ टक्के निघाले. हात धुण्याच्या द्रवरूप साबणाच्या बाबतीत ६ टक्के. बाकीच्या असंख्य कुटुंबांनी नेहमीपेक्षा एखाददुसरी वस्तू अधिक घेतली आणि बाजाराची खेप थोडी वाढविली, इतकेच. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या सविस्तर अभ्यासातूनही साधारण हेच दिसून आले.

याचे गणित अवघड नाही. समजा, एका वाण्याकडे हजार घरांचे खाते आहे. ही घरे महिन्याच्या निरनिराळ्या दिवशी येतात, म्हणून शंभर घरांना पुरेल एवढा माल फळीवर ठेवला तरी त्याचे दुकान नित्य भरलेले दिसते. त्याच हजार घरांनी एकाच सायंकाळी फक्त एकेक किलो तूरडाळ मागितली, तर शंभराव्या गिऱ्हाइकानंतर फळी रिकामी. प्रत्येकाने एकच किलो घेतली आहे. ज्याच्यावर आरोपपत्र ठेवता येईल असा एकही आरोपी या हजारांत सापडत नाही. एकशे एकावे गिऱ्हाईक मात्र रिकामी फळी पाहून घरी जाते, शेजारणीला सांगते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच रांग लागते.

मानसशास्त्राच्या दृष्टीने सारे मर्म येथे आहे. झुंबडीत शिरणाऱ्या माणसाला बहुधा टंचाईचे भय नसते, त्याला भय असते ते दुसऱ्याच्या भयाचे. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४८ साली स्वतःलाच खरी करून दाखविणाऱ्या भाकितावर एक निबंध लिहिला, त्यात त्याने पेढी बुडण्याचा दाखला घेतला आहे. पेढी सुस्थितीत असते; ती बुडणार अशी वार्ता उठते; ठेवीदार धावतात आणि त्या धावण्यानेच पेढी बुडते. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वार्ता खोटी आहे हे पक्के ठाऊक असणाऱ्या ठेवीदारालाही धावावेच लागते, कारण इतर लोक ती खरी मानणार हे त्याला दिसत असते. डाळीच्या रांगेतील सुशिक्षित गृहिणीची गोष्ट याहून वेगळी नाही. तिला देशातील धान्यसाठ्याविषयी शंका नसते, शंका असते ती शेजारच्या इमारतीविषयी.

म्हणूनच ‘घाबरू नका’ या आश्वासनाचा परिणाम अनेकदा उलटा होतो. न्यायालयात वावरणाऱ्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साक्षीदार आपण होऊन देऊ लागला की चाणाक्ष न्यायाधीश लेखणी उचलतो. १९ मार्च २०२० च्या भाषणातही दूध, अन्नधान्य, औषधे कमी पडू दिली जाणार नाहीत, साठा करू नये, असे सांगितले गेले होते. सांगणे खरे होते. परंतु ज्या वस्तूच्या टंचाईचा विचार कालपर्यंत मनात आला नव्हता, तिचे नाव घेऊन ‘ती कमी पडणार नाही’ असे उच्चासनावरून सांगितले गेले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे?

जपानात १९७३ साली याचा विलक्षण नमुना घडला. तेलाचे संकट उद्भवताच तेथील सरकारने कागद जपून वापरावा असे आवाहन केले. ऑक्टोबर संपता संपता ओसाकाजवळच्या सेन्री या नव्या वसाहतीतील एका दुकानात शौचालयाच्या कागदासाठी बायकांची रांग लागली, वार्ता पसरली आणि पाहता पाहता देशभर तो कागद मिळेनासा झाला. कारखान्यांतील उत्पादन त्या वेळी घटलेले नव्हते. २०२० मध्ये पाश्चात्त्य देशांत पुन्हा तोच जिन्नस नाहीसा झाला तेव्हा आपल्याकडे त्याची पुष्कळ थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की हा माल आकाराने मोठा असतो. त्याची शंभर पुडकी गेली की अख्खी भिंत उघडी पडते. मिऱ्यांची शंभर पाकिटे संपली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. भीतीला डोळे असतात, आणि ते फळीवरची पोकळी आधी टिपतात.

येथवर मी झुंबडीचे दोष सांगितले. आता तिची बाजू मांडली नाही तर एकतर्फी निकाल होईल. साथीच्या काळात घरात चार दिवसांचे अन्न असणे हे खुळ नव्हे. डॅनिएल डीफोने लंडनच्या १६६५ सालच्या प्लेगवर १७२२ मध्ये जे पुस्तक लिहिले त्याचा निवेदक आपल्या घरात पीठ, माल्ट, लोणी व चीज भरून ठेवतो, घरीच पाव भाजतो, घरीच बिअर गाळतो. अन्न विकत घेण्यासाठी रोज बाहेर पडावे लागले यानेच शहराचा मोठा घात झाला, असे त्याचे स्पष्ट मत आहे. साथ आली तेव्हा डीफो जेमतेम पाच वर्षांचा होता, तेव्हा कायद्याच्या भाषेत त्याची साक्ष ऐकीवच समजावी लागेल. परंतु त्याने जुनी कागदपत्रे धुंडाळली होती आणि त्याची बुद्धी व्यवहारी होती. त्याच पुस्तकात तो असेही लिहितो की लॉर्ड मेयर शहर सोडून पळाला नाही, मंड्या चालू राहिल्या आणि पावाचा भाव फारसा चढला नाही. माझ्या मते ही दोन विधाने एकत्र वाचली पाहिजेत. ज्याला शक्य आहे त्याने बेगमी करावी. आणि ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी मंडी उघडी, भाव स्थिर आणि अधिकारी जागेवर दिसला पाहिजे.

आपल्याकडच्या १८९६ सालच्या प्लेगात भीतीने वेगळी वाट धरली. मुंबईच्या मांडवी भागात, म्हणजे धान्याच्या वखारींच्याच वस्तीत, त्या वर्षीच्या सप्टेंबरात डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी हा रोग ओळखला. ते मूळचे बार्देशातील हडफड्याचे, ही गोष्ट गोमंतकीय वाचकांना ठाऊक असेलच. पुढील काही महिन्यांत, १८९१ च्या शिरगणतीप्रमाणे ८,२१,७६४ वस्ती असलेल्या त्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. त्या वेळी लोकांनी साठा करण्यापेक्षा पळ काढणे पसंत केले, कारण गाव होते, वाट मोकळी होती, आणि घरात बसणे म्हणजेच उंदरांच्या संगतीत राहणे होते. २०२० मध्ये वाटच बंद झाली. पळण्याचा मार्ग खुंटला की भय कोठीघरात शिरते, असे या दोन प्रसंगांवरून दिसते.

त्या प्लेगात घायकुतीची खरेदी झालीच नाही असे मात्र नव्हे. ती झाली गिरणीमालकांकडून, आणि तिचा माल होता मजूर. हात कमी पडू लागताच गिरण्यांची माणसे रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभी राहून मजुरांसाठी एकमेकांवर चढ्या बोली करू लागली. महिन्याच्या पगारासाठी तिष्ठणारा कामगार रोजच्या रोज रोकड मागू लागला. शेजारच्या गिरणीने आपला मजूर उचलण्यापूर्वी आपण त्याचा उचलावा, हा विचार डाळीच्या रांगेतील विचाराचाच सख्खा भाऊ होय. त्याला कोणी वेडाचार म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. श्रीमंताची घाबरगुंडी पुष्कळदा ‘बाजारभाव’ या नावाने इतिहासात नोंदली जाते.

आता कायद्याकडे वळावयाचे. टंचाईच्या भयावर कायद्याने शोधलेले औषध फार जुने आहे आणि ते सतत एकाच दिशेने दिले गेले आहे. व्यापाऱ्यांनी संगनमत करून माल अडविला किंवा अवाजवी भावाने विकला तर सहस्र पण दंड करावा, असे कौटिल्य सांगतो. इंग्लंडात १५५२ च्या अधिनियमाने माल बाजारात येण्याआधीच वाटेत गाठून घेणे, घेऊन त्याच बाजारात पुन्हा विकणे, साठवून ठेवणे हे सारे गुन्हे ठरविले. तो अधिनियम १७७२ मध्ये रद्द झाला, आणि चारच वर्षांनी अ‍ॅडम स्मिथने साठेबाजाविषयीच्या लोकभयाची तुलना चेटकिणीच्या भयाशी केली. तरीही १८०० साली, धान्य महागलेले असताना, रसबी नावाच्या दलालावर लंडनमध्ये खटला झाला. ओट विकत घेऊन त्याच दिवशी चढ्या भावाने विकले हा त्याचा अपराध. लिखित अधिनियम गेला तरी रूढ कायदा जिवंत आहे असे मानून लॉर्ड केन्यन यांनी खटला चालविला, स्मिथचे मत न्यायासनावरून झिडकारले आणि ज्यूरीने आरोपीला दोषी ठरविले. काही आठवड्यांनी दंगलखोर जमावाने रसबीच्या घरावर हल्ला केला. पुढे वरिष्ठ न्यायाधीशांतच मतभेद होऊन त्याला शिक्षा झालीच नाही. तोवर घराची मोडतोड होऊन गेली होती. न्यायासनाने चेटकीण दाखविली की जमाव लाकडे घेऊन येतो.

साठेबाज नसतोच असे मला म्हणावयाचे नाही. तो असतो, साथीत तर हमखास असतो, आणि आपला १९५५ चा अत्यावश्यक वस्तू अधिनियम त्याच्यासाठीच आहे. १३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने मुखपट्ट्या आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रावण या वस्तू ३० जूनपर्यंत त्या अधिनियमाखाली आणल्या, हे योग्यच झाले. परंतु हा कायदा वखारीत शिरतो. रांगेत त्याला काही करता येत नाही. एकेक किलो अधिक नेणाऱ्या हजार निरपराध माणसांसाठी दंडसंहितेत कलम नाही, आणि नसावेही.

रांगेसाठी निराळा उपाय लागतो, व तो आपल्या देशाला अनोळखी नाही. महायुद्धाच्या काळात, मे १९४३ मध्ये, मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. रेशनकार्डाचा खरा गुण केवळ वाटपात नाही. शेजाऱ्याला किती मिळणार हे ते मला सांगते. माझे भय त्याच्या भयातून उपजते, तेव्हा त्याचा वाटा निश्चित झाला की माझी धावपळ आपोआप मंदावते. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसे लाखोंनी मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की तेथील धान्याच्या घटीपेक्षा मोठा घात झाला तो मजुरांची क्रयशक्ती नष्ट झाल्याने, आणि भीतीपोटी व नफ्यापोटी झालेल्या साठ्यांनी त्यात भरच घातली.

पुरुमेंत आणि २४ मार्चची झुंबड यांतील भेदही याच अंगाने उलगडतो. मिरग केव्हा लागणार हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते, व्यापाऱ्याला ठाऊक असते, मासे सुकविणाऱ्या खारविणीला आणि मीठ काढणाऱ्या आगरवाल्यालाही ठाऊक असते. म्हणून मागणीबरोबर मालही चालत येतो. शेजारीण काय घेणार हे माहीत असते आणि ती घेतल्याने आपले काही उणे होत नाही. २४ मार्चला चार तासांची मुदत होती, आणि उद्या दुकान उघडेल की नाही हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. गोव्यात तर त्या आठवड्यात किराणा दुकानेही काही दिवस बंदच राहिली. बेळगावहून घाट उतरून रोज येणाऱ्या भाजीवर ज्या राज्याची मंडई चालते, तेथे सीमा बंद होणे म्हणजे काय हे सांगावयास नको. लोकांच्या तक्रारी वाढल्यावर शासनाने ही दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली. हा निर्णय उशिरा झाला, पण मला तो मानसशास्त्रदृष्ट्या अचूक वाटतो. सकाळचे ठरावीक तास दुकान उघडे ठेवले की प्रत्येकाला त्या तासांतच यावे लागते. मुदत काढून टाकली की घाईचे कारणही जाते.

टंचाई खरी असते तेव्हा हे सारे विवेचन अपुरे पडते, हेही मान्य केले पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरच्या कुप्यांसाठी लोक रात्र रात्र औषधांच्या दुकानांबाहेर बसले. सरकारने ११ एप्रिलला त्याची निर्यात थांबविली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला वाटपात लक्ष घालावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने तर नोव्हेंबर २०२० मध्येच या औषधाच्या वापराविरुद्ध मत दिले होते. पण रांगेतल्या मुलाला ते मत सांगून काय उपयोग? आत बाप श्वासासाठी झगडत आहे, भेटीला मनाई आहे, आणि डॉक्टरांनी हातात एक चिठ्ठी दिली आहे. त्या चिठ्ठीमागे धावणे एवढीच एक सेवा त्याला शक्य असते. अशा खरेदीला घबराट म्हणण्यास माझी लेखणी धजत नाही.

आणि शेवटी, ज्याला झुंबडीत शिरताच आले नाही, त्याचा विचार. उद्याचे अन्न आज घेण्यासाठी आज हातात उद्याचे पैसे लागतात, आणि ठेवावयाला एक फळी तरी लागते. रोजच्या मजुरीवर रोज शेर-अर्धाशेर घेणारा माणूस २४ मार्चच्या रात्री दुकानावर गेलाच नाही; दुसऱ्या दिवशी गेला असेल तर त्याच्या वाट्याला रिकामी फळी किंवा चढा भाव आला. काही दिवसांतच हजारो लोक महामार्गांवरून आपापल्या गावांकडे चालू लागले, जसे १८९६ मध्ये मुंबईहून गेले होते. १ एप्रिल २०२० रोजी सरकारी गोदामांत साडेपाच कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता. त्या तारखेला नियमाने लागणारा साठा सुमारे २ कोटी १० लाख टन. २६ मार्चलाच सुमारे ऐंशी कोटी रेशनकार्डधारक लाभार्थींना दरमहा माणशी ५ किलो धान्य फुकट देण्याची घोषणाही झाली होती. शहरात अडकलेल्यांपैकी अनेकांची रेशनकार्डे गावाकडच्या घरी होती. कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांना धान्य देण्याचा निर्णय जाहीर झाला तो १४ मे रोजी.